ड्राइव्हचा डिस्प्ले विझला, पण आत 587 व्होल्ट आहेत

ज्यांना एपिसोड ऐकण्यापेक्षा वाचायला सोपा जातो, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, आकडे तेवढे नीट मांडलेत.

आजचा विषय एका साध्या वाटणाऱ्या कामाचा. व्हीएफडीमध्ये, म्हणजे मोटरचा स्पीड कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हमध्ये, एक जादाचं कार्ड बसवायचं. कधी पीएलसीशी बोलण्यासाठी प्रोफिनेट किंवा मॉडबसचं, कधी एन्कोडरचं, कधी जास्तीच्या इनपुट-आउटपुटचं. कार्ड तळहाताएवढं. कव्हर काढा, स्लॉटमध्ये दाबा, एक स्क्रू आवळा, झालं. मोबाईलमध्ये सिम टाकण्यासारखंच वाटतं.

पण फरक आहे. सिम चुकीचं टाकलं तर नेटवर्क येत नाही. इथे चुकलात तर जीव जाऊ शकतो. आयटीआय करून नुकतेच चाकण, वाळूज, सातपूरच्या कंपन्यांत लागलेले बरेच जण हा शो ऐकतात, म्हणून हा विषय घेतला.

आत नेमकं काय साठलेलं असतं?

ड्राइव्हच्या आत तीन टप्पे असतात. पहिला टप्पा येणाऱ्या एसीचं डीसी करतो. तिसरा टप्पा त्या डीसीचं पुन्हा हव्या त्या फ्रिक्वेन्सीचं एसी करून मोटरला देतो. या दोघांच्या मध्ये असते डीसी बस, आणि तिथे बसलेले असतात मोठे कॅपॅसिटर. गावातल्या पाण्याच्या टाकीसारखे. वरून पाणी बंद झालं तरी टाकीत साठा असतोच.

आपल्याकडे कारखान्यात तीन फेज 415 व्होल्ट येतो. त्याचं डीसी केलं की 415 गुणिले 1.414, म्हणजे जवळपास 587 व्होल्ट. मेन स्विच पाडला की नवा पुरवठा थांबतो, पण हे 587 व्होल्ट कॅपॅसिटरमध्ये तसेच उभे असतात.

समजा ड्राइव्हमध्ये एकूण 1000 मायक्रोफॅरड कॅपॅसिटर आहेत. त्यात साठलेली ऊर्जा होते साधारण 172 जूल. हॉस्पिटलमध्ये हृदयाला शॉक द्यायचं आधुनिक यंत्र एका झटक्याला साधारण 120 ते 200 जूल देतं. तिथे डॉक्टर मोजूनमापून देतात. इथे तो झटका बोटातून आत जातो आणि वाट मिळेल तिथून बाहेर पडतो.

5 मिनिटं कुठून आली?

ड्राइव्हवर पिवळा त्रिकोण असतो आणि खाली लिहिलेलं असतं की सप्लाय बंद केल्यावर इतकी मिनिटं थांबा. छोट्या ड्राइव्हवर 4 ते 5 मिनिटं, मोठ्यांवर 15-20 किंवा त्याहूनही जास्त. हा आकडा कंपनीने उगाच भीती घालायला छापलेला नाही. त्यामागे साधं गणित आहे.

कॅपॅसिटर रिकामा व्हावा म्हणून त्याला समांतर एक रेझिस्टर जोडलेला असतो. उदाहरण म्हणून तो 100 किलोओहमचा धरा. 1000 मायक्रोफॅरड गुणिले 100 किलोओहम, म्हणजे 100 सेकंद. याचा अर्थ असा की दर 100 सेकंदांनी व्होल्टेज आधीच्या साधारण 37 टक्क्यांवर येतं. आता मोजा:

- स्विच पाडला त्या क्षणी: 587 व्होल्ट
- 100 सेकंदांनी: 216 व्होल्ट
- 200 सेकंदांनी: 79 व्होल्ट
- 300 सेकंदांनी, म्हणजे 5 मिनिटांनी: 29 व्होल्ट

आता "दोन मिनिटं झाली की, चल" म्हणणाऱ्या माणसाचा हिशोब करा. 120 सेकंदांना तिथे अजून जवळपास 177 व्होल्ट डीसी आहेत. आणि डिस्प्ले? तो बहुतेक वेळा केव्हाच विझलेला असतो. डिस्प्ले चालायला लागणारं व्होल्टेज संपतं, पण तुम्हाला मारायला पुरेल एवढं शिल्लक असतं.

घड्याळ पुरेसं नाही

आजच्या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही. वरचं सगळं गणित एका गृहीतकावर उभं आहे: तो रेझिस्टर चांगला आहे. तो जळालेला असेल, त्याचा टाका सुटला असेल, तर 5 मिनिटं काय, बराच वेळ थांबूनही व्होल्टेज तिथेच असू शकतं. आणि रेझिस्टर खराब झालाय हे बाहेरून दिसत नाही. मुळात ड्राइव्ह उघडायची वेळ बऱ्याचदा काहीतरी बिघडल्यावरच येते.

म्हणून लक्षात ठेवा: 5 मिनिटं थांबल्यावर तुम्हाला परवानगी मिळते ती मोजायची. हात लावायची परवानगी मीटर देतो.

मोजायचं कसं, तेही नीट बघू. हे काम ज्याला तसा अधिकार आणि प्रशिक्षण आहे त्यानेच करायचं. तुम्ही अप्रेंटिस असाल तर शेजारी उभे राहून बघा.

पहिलं, मीटर आणि प्रोब त्या व्होल्टेजला चालणारे हवेत. कॅट थ्री, 1000 व्होल्ट असं मीटरवर आणि लीडवर छापलेलं असतं. बाजारातला अडीचशे रुपयांचा मीटर या कामाचा नाही. हातात योग्य रेटिंगचे रबरी ग्लोव्हज, चेहऱ्यावर शिल्ड. मीटर शून्य दाखवेपर्यंत सर्किट जिवंतच समजायचं.

दुसरं, मीटरचा नॉब डीसी व्होल्टवर. इथे बरेच जण फसतात. फेज बघायला नॉब एसीवर असतो आणि तसाच राहतो. बरेच मीटर एसी रेंजवर सरळ डीसी दाखवतच नाहीत. म्हणजे आत 587 व्होल्ट असताना तुम्हाला शून्याच्या आसपास आकडा दिसेल, आणि तुम्ही निर्धास्त व्हाल.

तिसरं, आधी मीटर तपासा. जिथे व्होल्टेज आहे हे नक्की माहीत आहे तिथे लावून बघा, मग ड्राइव्हवर मोजा, मग परत त्या माहीत असलेल्या जागी लावा. मधल्या वेळेत लीड तुटली किंवा फ्यूज गेला असेल तर तिसऱ्या तपासणीत कळतं.

चौथं, मोजायचं कुठे कुठे? डीसी बसच्या प्लस आणि मायनसमध्ये. त्या दोन्हींपासून अर्थपर्यंत. इनपुटच्या तिन्ही फेजमध्ये आणि प्रत्येक फेजपासून अर्थपर्यंत, तेव्हा नॉब एसीवर. मोटरच्या टर्मिनलवरही. डीसी टर्मिनल कुठे आहेत आणि व्होल्टेज किती खाली यायला हवं, हे त्या ड्राइव्हच्या मॅन्युअलमध्ये असतं.

आणि हो, स्क्रूड्रायव्हरने टर्मिनल शॉर्ट करून "डिस्चार्ज करणं" हा काही ठिकाणी चालणारा प्रकार कुणी कितीही जुनाजाणता माणूस करत असला तरी करू नका. एवढी ऊर्जा एका क्षणात सुटली की धातू वितळून डोळ्यांत उडतो. व्होल्टेज उतरतच नसेल तर कव्हर लावा, कुलूप तसंच ठेवा आणि निर्मात्याच्या सर्व्हिसला बोलवा.

मेन बंद केला, पण बाकीचे रस्ते?

पॅनेलमध्ये वीज एकाच दाराने येते असं नाही. चार मागची दारं आठवणीने बघा.

एक, बाहेरून येणारा 24 व्होल्ट कंट्रोल सप्लाय. हा झटका देणार नाही, पण कार्ड जिवंत स्लॉटमध्ये घुसेल आणि जळेल. दोन, रिले आउटपुटवर दुसऱ्या पॅनेलमधून आलेला 230 व्होल्ट. ड्राइव्ह पूर्ण बंद असली तरी तो तिथे असतोच. तीन, कॉमन डीसी बस, जिथे शेजारची ड्राइव्ह तुमच्या ड्राइव्हला डीसी पुरवते. चार, स्वतः मोटर. परमनंट मॅग्नेट मोटर फिरली की जनरेटर होते. पंपातून पाणी उलटं आलं किंवा वाऱ्याने पंखा फिरला, तरी टर्मिनलवर व्होल्टेज येतं. म्हणून शाफ्ट अडवून ठेवायचा.

एक गैरसमज इथेच मिटवू. इमर्जन्सी स्टॉप दाबला, किंवा ड्राइव्हचं एसटीओ म्हणजे टॉर्क सुरक्षितपणे बंद करणारं फंक्शन चालू झालं, तर मोटर फिरणार नाही एवढंच. वीज तोडली गेलेली नसते. आयसोलेटर पाडून त्यावर स्वतःचं कुलूप आणि स्वतःच्या नावाचा टॅग लावणं, चावी स्वतःच्या खिशात ठेवणं, हे वेगळं काम आहे आणि तेच करायचं.

आता कार्ड बसवू

मीटरने शून्य सांगितलं की पुढचा धोका उलटा: तुमच्यापासून कार्डाला. कोरड्या हवेत चालताना अंगावर काही हजार व्होल्टची स्थिर वीज साठते. आपल्याला चटका जाणवतो तो साधारण 3000 व्होल्टच्या पुढे, पण कार्डावरचे काही भाग 100 व्होल्टलाही खराब होतात. वाईट म्हणजे कार्ड लगेच मरत नाही, कधीकधी दोन महिन्यांनी विनाकारण एरर द्यायला लागतं.

म्हणून अर्थ केलेला मनगटी पट्टा घालायचा. पण क्रम महत्त्वाचा: पट्टा मोजून झाल्यावरच. पट्टा तुम्हाला अर्थशी जोडतो, आणि जिवंत सर्किटजवळ अर्थशी जोडलेलं असणं हीच सगळ्यात वाईट जागा.

कार्ड पिशवीतून शेवटच्या क्षणी काढा, कडांना धरा. कनेक्टर समोरासमोर आणा, सरळ दाबा. जोर लावावा लागत असेल तर थांबा, पिन वाकते आहे. फिक्सिंगचा स्क्रू विसरू नका. बऱ्याच ड्राइव्हमध्ये तो फक्त कार्ड धरत नाही, कार्डाचं अर्थिंगही त्यातूनच होतं. स्क्रू नसला की कम्युनिकेशन मधूनच तुटतं आणि दोष सॉफ्टवेअरवर जातो. कम्युनिकेशनची केबल मोटर केबलपासून लांब ठेवा, ओलांडावीच लागली तर काटकोनात.

चालू करण्याआधी आत तारेचा तुकडा, वॉशर पडलेला नाही ना बघा. कव्हर लावा. मशीनजवळ कुणी नाही याची खात्री करा, रन कमांड बंद ठेवा. नवीन कार्डमुळे आता कमांड पीएलसीकडून येऊ शकते, आणि मोटर तुम्ही बटण न दाबताच फिरू शकते.

शेवटचं, आणि खरं अवघड

यातलं काहीच तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अवघड असतं ते लाइन उभी असताना, मागे सुपरवायझर घड्याळ बघत असताना, "अरे किती वेळ?" असं ऐकू येत असताना थांबणं. नवीन मुलाला नाही म्हणायला जड जातं, हे मान्य. म्हणून एक वाक्य तयार ठेवा: "साहेब, मीटर शून्य दाखवला की लगेच सुरू करतो." यात भांडण नाही, कारण आहे. आणि आपल्या हाताखाली उद्या कुणी नवीन येईल तेव्हा त्याला हे वाक्य बोलायची वेळच येऊ देऊ नका.

तुमच्या शॉपमध्ये या कामासाठी कुलूप, टॅग आणि चांगला मीटर आहे का? व्हॉइस नोट पाठवून सांगा. पुढच्या भागात बोलू मोटर केबलचं शिल्ड आणि नॉइज यावर. तोवर सांभाळून राहा, मंडळी.