जलबाधित कॅमेरा : दुरुस्ती की नवी खरेदी?

पनवेलच्या परिसरात क्षेत्रकार्य करणाऱ्या अभ्यासकाचा कॅमेरा तीन प्रकारच्या पाण्यांत सापडण्याचा संभव असतो. कर्नाळ्याच्या रानात पडणारे पावसाचे पाणी हा पहिला प्रकार, गाढी नदीच्या पुराचे गढूळ पाणी हा दुसरा आणि पनवेलच्या खाडीचे खारे पाणी हा तिसरा. भिजलेला कॅमेरा दुरुस्त करावा की दुसरा घ्यावा, हा प्रश्न सामान्यतः केवळ खर्चाचा मानला जातो. वस्तुतः त्याचे उत्तर प्रथम पाण्याच्या प्रकारावर अवलंबून असते. खर्चाचा विचार त्यानंतरचा होय.

पावसाच्या पाण्यात विरघळलेले क्षार अत्यल्प असतात. समुद्राच्या पाण्यात मात्र ते लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम असतात. खाडीत हे प्रमाण भरती-ओहोटी व पर्जन्यमान यांनुसार बदलते. बॅटरी जोडलेली असताना खारे पाणी कॅमेऱ्यातील विद्युत्मंडलावर पोहोचले, की विद्युद्विच्छेदनास प्रारंभ होतो. तांबे विरघळून एका वाहकाकडून दुसऱ्याकडे सरकते. सूक्ष्म मार्ग कोठे तुटतात, तर कोठे नको तेथे जोडले जातात. पाणी वाळले तरी क्षार मागे राहतात व कोकणच्या दमट हवेतील ओलावा शोषून हीच क्रिया पुन्हा सुरू करतात. सबब, वाळल्यावर कॅमेरा चालू झाला एवढ्यावरून तो वाचला असे अनुमान काढणे धाडसाचे ठरते. पुराच्या पाण्याने याखेरीज शटर व लेन्स यांच्या सांध्यांत गाळ शिरतो. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीसारख्या प्रसंगी असे पाणी थेट घरांत व कपाटांत पोहोचते.

म्हणून पहिली दक्षता अशी, की भिजलेला कॅमेरा चालू करून पाहू नये. बॅटरी तत्काळ काढावी आणि मेमरी कार्ड वेगळे ठेवावे; कॅमेरा गेला तरी त्यावरील चित्रे बहुधा वाचतात. फिल्म भिजली असल्यास ती वाळू देऊ नये, कारण वाळताना तिचे थर परस्परांस चिकटतात. ती स्वच्छ थंड पाण्यात ठेवून शक्य तितक्या लवकर धुण्यास द्यावी. कॅमेरा तांदळात पुरून ठेवल्याने क्षार निघत नाहीत. त्यासाठी तो उघडून आतील भाग साफ करणेच आवश्यक असते, आणि तेही क्षार मुरण्यापूर्वी.

आता खर्चाचा विचार. तुलना मूळ खरेदीच्या किमतीशी नव्हे, तर तशाच वापरलेल्या कॅमेऱ्याच्या आजच्या किमतीशी करावयास हवी. समजा, ही किंमत २०,००० रुपये व दुरुस्तीचा खर्च १२,००० रुपये आहे. दुरुस्ती टिकण्याची शक्यता निम्मी असेल, तर तिचे मूल्य १०,००० रुपये भरते. खर्च त्याहून अधिक असल्याने नवी खरेदी श्रेयस्कर. शक्यता तीन-चतुर्थांश असेल, तर तेच मूल्य १५,००० रुपये होते व दुरुस्ती योग्य ठरते. ही शक्यता ठरविणारा मुख्य घटक पाणीच होय. पावसात थोडा वेळ भिजलेल्या कॅमेऱ्याविषयी आशा बाळगता येते. खाडीत बुडून दिवसभर तसाच राहिलेल्याविषयी फारशी नाही.

या नियमास दोन पुरवण्या जोडणे अवश्य आहे. जुन्या यांत्रिक कॅमेऱ्यात विद्युत्मंडल अल्प किंवा मुळीच नसल्याने तो उघडून, स्वच्छ करून, तेल देऊन पुन्हा कामास आणता येतो. शिवाय तसा नवा मिळणे दुर्घट असते. उलटपक्षी, ज्या कॅमेऱ्यावर एकदाच घडणाऱ्या घटनेची नोंद अवलंबून आहे, तो दुरुस्त झाला तरी एकट्याच्या भरवशावर क्षेत्रात नेऊ नये. मध्येच बंद पडलेल्या कॅमेऱ्याची खरी किंमत दुकानातील दराने मोजता येत नाही. जी नोंद हुकली ती पुन्हा मिळत नाही, हीच ती किंमत होय.