शेजाऱ्याच्या हाती तपासणी

एखादं राष्ट्र बलवान होऊ लागलं की पहिली धास्ती घेतात ते त्याचे शेजारी. दूरच्यांना त्याच्या व्यापाराचं कौतुक. शेजाऱ्याला मात्र त्याची फौज मोजावी लागते. दक्षिण अमेरिकेत ब्राझीलच्या बाबतीत असंच घडलं. खंडाचा जवळजवळ अर्धा भाग त्याचा, आणि दक्षिणेला अर्जेंटिना, तोही तितकाच मानी. १८२५ ते १८२८ या काळात हे दोघे लढले आणि त्यातून मधल्या मधे उरुग्वे स्वतंत्र झाला. संशय मात्र पुढेही राहिलाच.

विसाव्या शतकात तो पाण्यावरून वाढला. पराना नदीवर ब्राझील आणि पॅराग्वे यांनी इताइपूचं प्रचंड धरण बांधायला घेतलं. नदी पुढे जाते अर्जेंटिनात. वरच्यानं दारं उघडली तर खालच्याचं काय होईल, हे नदीकाठच्या माणसाला समजावून सांगायला नको! अखेर १९७९ साली तिघांनी पाण्याच्या पातळीविषयी करार केला.

अणुशक्तीचा प्रश्न याहून अवघड. त्या काळी दोन्हीकडे लष्करी राजवटी होत्या, दोघेही अण्वस्त्रप्रसारबंदी कराराच्या बाहेर होते, आणि युरेनियम समृद्ध करण्याचे दोघांचेही उद्योग गुप्तपणे चाललेले. शेजारी बॉम्ब करतो आहे की काय, हे कळायला मार्ग नाही. आणि न कळणं हेच बॉम्ब करायला पुरेसं कारण ठरतं.

अर्जेंटिनात १९८३ साली आणि ब्राझीलमध्ये १९८५ साली मुलकी सरकारं आली. त्याच वर्षी अध्यक्ष आल्फोन्सिन आणि सार्ने इग्वासूला भेटले. १९८७ साली सार्ने यांनी अर्जेंटिनाचा पिल्कानियेऊ येथील कारखाना स्वतः जाऊन पाहिला. ब्राझीललाही युरेनियम समृद्ध करता येऊ लागलं, हे त्यांनी जगाला सांगण्याआधी आल्फोन्सिन यांना कळवलं. बातमी तीच, पण शेजाऱ्याला ती वर्तमानपत्रातून कळणं आणि आधी पत्रानं कळणं, यात केवढं अंतर आहे! १९९० साली अध्यक्ष कोलोर यांनी काशिंबो येथील लष्करानं खणलेला, अणुचाचणीसाठी असल्याचं म्हटलं जाणारा खोल खड्डा समारंभपूर्वक बंद केला.

१९९१ साली दोघांनी मिळून एक तपासणी संस्था काढली. तिची कचेरी रिओ द जानेरोला आहे. काम किराणा दुकानाच्या वहीसारखं: माल किती आला, किती वापरला, शिल्लक किती. फरक एवढाच की ब्राझीलची वही तपासायला अर्जेंटिनाचे तपासनीस जातात, आणि अर्जेंटिनाची तपासायला ब्राझीलचे. व्हिएन्नाची आंतरराष्ट्रीय अणुशक्ती संस्थाही त्यात सामील आहे. दक्षिणेकडील देशांच्या 'मेर्कोसुर' या व्यापारसंघाचा करारही त्याच वर्षीचा.

हे वाचून आपल्याला आपलाच शेजार आठवणं साहजिक आहे. भारत आणि पाकिस्तान १९९२ पासून दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. पण तपासनीस कोणी सरहद्द ओलांडत नाही. ब्राझील-अर्जेंटिनाची गोष्ट सोपी होती, कारण बॉम्ब कोणाकडेच नव्हता आणि सीमेवरून वादही नव्हता. म्हणून त्यांचा कित्ता जसाच्या तसा गिरवता येईल असं मला वाटत नाही.

आणि तिथेही सगळंच जमलं आहे असं नाही. सुरक्षा समितीत कायमची जागा मिळावी म्हणून ब्राझीलनं २००५ साली भारत, जर्मनी आणि जपान यांच्याबरोबर मागणी केली. विरोध करणाऱ्या गटात अर्जेंटिना होताच. तपासणी मान्य, पण थोरलेपण मान्य नाही! शिवाय ब्राझीलचं आरमार अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी बांधत आहे. समुद्राखाली महिनोन्महिने असलेलं इंधन तपासनिसानं मोजायचं कसं? त्या इंधनासाठी कोणती खास पद्धत ठरवावी, यावर ब्राझीलनं २०२२ साली व्हिएन्नाशी बोलणी सुरू केली.