गोष्ट आपली, पैसा कुणाचा? सिनेमाची पटकथा लिहिणारा आणि निर्माता नेमकं काय करतात, समजून घ्या

मागच्या महिन्यात सकाळी डेअरीवर दूध घालायला गेलो होतो. गल्लीतल्या एका पोरानं बाजूला घेतलं आणि म्हणाला, "काका, माझ्या गोष्टीवर वेबसिरीज येणार आहे." पोरगा बीए झालेला, घरी दोन एकर कोरडवाहू, लिहितो चांगलं. कुणीतरी फोनवर निर्माता म्हणून बोलला, गोष्ट लई आवडली म्हणाला आणि "नोंदणी व प्रोसेसिंग"चे पंधरा हजार मागितले. पोरानं कालवड विकून भरले. मग आणखी पंचवीस हजार मागितले, तेव्हा तो माझ्याकडं आला.

मी विचारलं, "अरे, करार कुठंय?"

"तो नंतर पाठवणार आहेत म्हणे."

तो नंबर आता लागत नाही. कालवड गेली ती गेलीच.

आपल्याला हिरो माहीत असतो, हिरोईन माहीत असते. पण सिनेमा सुरू होताना पडद्यावर जी नावं सरकतात, त्यातला पटकथाकार कोण आणि निर्माता कोण, हे आपण बघत नाही. तेवढं माहीत असतं तर पोराची कालवड वाचली असती. म्हणून आज हा विषय घेतलाय. उदाहरण मराठीतल्याच एका मोठ्या लेखकाचं देतो, विजय तेंडुलकर यांचं.

कथा, पटकथा, संवाद ही तीन कामं

बरेच जण समजतात की सिनेमा लिहिणारा म्हणजे डायलॉग लिहिणारा. तसं नाही. कामं तीन आहेत.

पहिली कथा. म्हणजे काय घडलं ते. उदाहरणार्थ, एका बाईच्या दुधाची फॅट रोज कमी दाखवतात आणि एक दिवस ती ते उघडं पाडते. झाली कथा.

दुसरी पटकथा. ही गोष्ट कॅमेऱ्यात कशी दिसेल ते दृश्यादृश्यानं लिहायचं. दृश्य पहिलं, डेअरी, सकाळची वेळ. बाई किटली ठेवते. माणूस तिच्याकडं न बघताच चिठ्ठी लिहितो. बाई चिठ्ठी वाचते, मागं उभ्या माणसांकडं बघते, काही न बोलता चिठ्ठी कनवटीला लावते. दृश्य संपलं. एक शब्द नाही बोलली, पण बघणाऱ्याला कळलं की हिच्या मनात काहीतरी आहे. पटकथा म्हणतात ती हीच.

तिसरे संवाद. कोण काय बोलतो, कुठल्या बोलीत बोलतो.

ही तीन कामं एकच माणूस करू शकतो किंवा तीन वेगळी माणसं. १९८३ चा 'अर्धसत्य' घ्या, ओम पुरी इन्स्पेक्टर असलेला. त्याची मूळ कथा श्री. दा. पानवलकर यांची, 'सूर्य' नावाची. पटकथा तेंडुलकरांची. हिंदी संवाद वसंत देव यांचे. तिघांची नावं वेगवेगळी. 'उंबरठा' हा सिनेमा शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून, तर 'सिंहासन' अरुण साधू यांच्या दोन कादंबऱ्यांवरून. तिथंही पटकथा तेंडुलकरांचीच. सांगायचा मुद्दा असा, की दुसऱ्याच्या गोष्टीवर सिनेमा करायचा तर मूळ लेखकाची परवानगी आणि नाव दोन्ही लागतं.

१९८० चा 'आक्रोश' तर बघाच. त्यात ओम पुरी आदिवासी माणूस झालाय. बायकोच्या खुनाचा आरोप त्याच्यावर आहे आणि जवळपास सगळा सिनेमा तो गप्प आहे. मुख्य माणूस बोलतच नाही, तरी आपण हलत नाही. संवादाशिवायही पटकथा असते याचा हा पुरावाच समजा.

हा माणूस घडला कसा

तेंडुलकरांचा जन्म १९२८ चा. बेचाळीसच्या चळवळीच्या दिवसांत शाळा सुटली. पुढं वर्तमानपत्रांत नोकऱ्या केल्या आणि नाटकं लिहिली. 'शांतता! कोर्ट चालू आहे', 'सखाराम बाइंडर', 'घाशीराम कोतवाल' ही नावं आपण ऐकलेली असतात. सत्तरच्या दशकात समाजातल्या हिंसेचा अभ्यास करायला त्यांना नेहरू फेलोशिप मिळाली. याच वर्षांत ते सिनेमासाठी जोरात लिहू लागले. मागोमाग सामना, निशांत, मंथन, सिंहासन, आक्रोश, उंबरठा, अर्धसत्य. टीव्ही घरोघरी आला तेव्हा 'स्वयंसिद्धा' ही मालिकाही लिहिली, त्यात त्यांची मुलगी प्रिया तेंडुलकर होती. १९८४ साली पद्मभूषण मिळालं. १९ मे २००८ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

या यादीत गाव किती आहे बघा. साखरेचं राजकारण, जमीनदार, दूध, आदिवासी. हे लिहिणारा माणूस मुंबईत राहायचा, पण माणसांचं वागणं बघून लिहायचा. आपण तर या सगळ्याच्या मधोमध राहतो. आपल्याकडं गोष्टींचा तुटवडा नाही. व्यवहाराची माहिती मात्र कमी आहे.

निर्माता म्हणजे पैसा उभा करणारा

शेतात जसं बी, खत, मजुरी, पाणी सगळं पेरणीच्या आधी जमवावं लागतं, तसं सिनेमाचं काम जमवणारा तो निर्माता. लेखकाला पैसे तो देतो, दिग्दर्शक ठरवतो, नट, कॅमेरा, जेवण, गाड्या सगळं त्याच्या जिवावर. सिनेमा चालला तर कमाई त्याची, पडला तर खड्डाही त्याचाच.

निर्माता शेठच असतो असं नाही. दोन उदाहरणं देतो.

पहिलं 'सामना'चं. सहकारी साखर कारखानदारीतल्या सत्तेवरचा हा सिनेमा १९७४ चा. निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू समोरासमोर. पटकथा तेंडुलकरांची. दिग्दर्शक जब्बार पटेल, पेशानं डॉक्टर, त्यांचा हा पहिलाच सिनेमा. आणि निर्माते रामदास फुटाणे, आपल्या नगर जिल्ह्यातल्या जामखेडचे. चित्रकला शिक्षक आणि कवी. एका तालुक्याच्या गावच्या मास्तरानं धाडस केलं आणि तो सिनेमा १९७५ साली जर्मनीत बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत गेला.

दुसरं 'मंथन'चं, १९७६. हे प्रत्येक दूध उत्पादकाला माहीत पाहिजे. गुजरातमधल्या सहकारी दूध चळवळीवरचा हा सिनेमा. वर्गीस कुरियन आणि दिग्दर्शक श्याम बेनेगल यांनी विषय मांडला, पटकथा तेंडुलकरांनी केली, संवाद कैफी आझमी यांचे. पैसा कुणाचा? गुजरात सहकारी दूध संघाच्या पाच लाख शेतकऱ्यांचा! प्रत्येकानं दुधाच्या पैशातून दोन-दोन रुपये दिले. झाले दहा लाख. सिनेमाच्या सुरुवातीला निर्माते म्हणून पाच लाख शेतकऱ्यांचं नाव येतं. सिनेमा लागला तेव्हा हेच शेतकरी ट्रक भरभरून आपला सिनेमा बघायला गेले.

पैसा शेतकऱ्यांचा म्हणून तेंडुलकरांनी गोड गोड लिहिलं नाही. खासगी डेअरीवाला लुटतो हे आहेच, पण गावातला सरपंच सोसायटी आपल्या खिशात ठेवू बघतो, दलित वस्तीला बाजूला ठेवलं जातं आणि बाहेरून आलेला डॉक्टरही चुकतो, हे सगळं त्यात आहे. या सिनेमाच्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२४ साली नव्यानं स्वच्छ केलेली प्रत फ्रान्समध्ये कान महोत्सवात दाखवली गेली. दोन रुपये असे पावले.

आता तुम्ही म्हणाल, तिथं शेतकऱ्यांनी पैसे दिले, मग आमच्या पोरानं दिले तर काय बिघडलं? फरक आहे. ते निर्माते म्हणून दिले आणि निर्माते म्हणून त्यांचं नाव लागलं. पोरगा लेखक होता. लेखकानं निर्मात्याला पैसे द्यायचे नसतात, निर्मात्यानं लेखकाला द्यायचे असतात. ऊस आपण घालायचा आणि कारखान्याला वर पैसेही आपणच द्यायचे, असं कुणी करतं का?

टीव्हीचं गणित वेगळं

सिनेमाची पटकथा एकदा पूर्ण झाली की झाली. रोजच्या मालिकेचं तसं नाही. चॅनेल पैसे देतं, निर्मिती संस्था मालिका बनवते आणि लेखकांची टोळी रोज लिहीत असते. एक जण पुढच्या काही आठवड्यांची गोष्ट ठरवतो, दुसरा भागाची पटकथा पाडतो, तिसरा संवाद लिहितो. प्रेक्षक घटले की गोष्ट रातोरात बदलते. नवीन माणसाला शिरकाव बहुतेक वेळा इथूनच मिळतो, संवाद लेखकाचा सहायक म्हणून. काम भरपूर, झोप कमी, पण पैसा भागामागं मिळतो. काही लेखक पुढं स्वतःची संस्था काढून निर्माते होतात. कारण गोष्टीची मालकी निर्मात्याकडं जाते, हे त्यांना तोवर कळलेलं असतं.

कागद कसा करायचा

आता कामाचं. हे नीट वाचा आणि लिहिणाऱ्या पोरापोरींना पाठवा.

नुसत्या कल्पनेवर हक्क नसतो. "सुनेनं सासूला शिकवलं" ही कल्पना कुणीही वापरू शकतो. तुम्ही ती जशी मांडून लिहिली, त्या लिखाणावर हक्क असतो. सुप्रीम कोर्टानं १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हेच सांगितलं. म्हणून फोनवर गोष्ट सांगत बसू नका. आधी पूर्ण लिहा, तारीख टाका, मग ई-मेलनं पाठवा.

लिहिलं की कॉपीराइट आपोआप तुमचा. पण पुरावा लागतो. मुंबईत पटकथालेखकांची स्क्रीनरायटर्स असोसिएशन ही संघटना आहे. तिचं सभासद होऊन थोड्या शुल्कात आपली पटकथा ऑनलाइन नोंदवता येते. हे शुल्क संघटनेला, स्वतःच्या पुराव्यासाठी. निर्मात्याच्या खात्यावर "नोंदणी"चे पैसे भरायचा संबंधच नाही.

हक्क देणं हे लेखी आणि सहीचं असतं. तोंडी शब्दावर हक्क जात नाही. जमिनीत जसं आधी साठेखत आणि मग खरेदीखत, तसं इथंही बऱ्याचदा आधी थोडे पैसे देऊन ठरावीक मुदतीसाठी गोष्ट राखून ठेवतात, मग पूर्ण करार करतात. सही करताना बघा, कोणत्या कामासाठी, किती वर्षांसाठी, कोणत्या भागासाठी. करारात वर्षं लिहिली नसतील तर कायदा पाच वर्षं धरतो, भाग लिहिला नसेल तर भारत धरतो. हक्क घेऊन वर्षभर वापरलेच नाहीत आणि करारात वेगळं काही लिहिलं नसेल, तर ते तुमच्याकडं परत येतात.

पैसे टप्प्यानं ठरवा. सहीला किती, पहिला खर्डा दिल्यावर किती, पक्की पटकथा दिल्यावर किती. सगळे पैसे सिनेमा लागल्यावर देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

नाव कुठं आणि कसं येणार ते करारात लिहून घ्या. कथा, पटकथा की संवाद, स्पष्ट.

२०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला. त्यासाठी लेखक जावेद अख्तर यांनी राज्यसभेत जोर लावला होता. सिनेमा किंवा मालिका पुढं इतर मार्गांनी कमावत राहिली तर लेखकाचा रॉयल्टीतला वाटा त्याला सोडून देता येत नाही, असं त्यात आहे. "रॉयल्टी मागणार नाही" असं कुणी लिहून घेत असेल तर सही करायच्या आधी वकिलाला दाखवा.

आणि पैसे गेलेच असतील तर लाजू नका. लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा, जितका लवकर तितकं बरं. आमच्या पोरानं लाजेपायी तीन आठवडे घालवले. आता तक्रार दिलीय, बघू.

परवा तो पुन्हा डेअरीवर भेटला. नवीन गोष्ट लिहायला घेतलीय म्हणाला, विकलेल्या कालवडीचीच. मी म्हटलं, "लिही, पण या वेळी पैसे कुणी कुणाला द्यायचे ते ध्यानात ठेव."