टायपिंगच्या वर्गाची आवराआवर

ऑगस्ट 2017 मध्ये महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेने टाइपरायटरवरची शेवटची परीक्षा घेतली. त्यानंतर शासनमान्य टंकलेखन प्रमाणपत्र हवे असेल, तर संगणकासमोर बसण्यावाचून इलाज राहिला नाही. राज्यभरातल्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या चालकांपुढे दोनच वाटा उरल्या: संगणक घ्यायचे, नाहीतर शटर ओढायचे. एक काम मात्र दोन्ही वाटांवर अटळ होते. खोलीत ओळीने मांडलेली लोखंडी मशीन बाहेर काढायची.

उदाहरणार्थ, मराठवाड्यात हिंगोली–नांदेड रस्त्यावरचे आखाडा बाळापूर हे कळमनुरी तालुक्यातले बाजाराचे गाव घ्या. हळद, सोयाबीन आणि कापसाच्या भावावर वर्षाचा हिशेब ठरणाऱ्या अशा गावांत टायपिंगची फी म्हणजे नोकरीच्या आशेने घरच्यांनी मोजलेली पहिली रक्कम असे. लिपिक-टंकलेखक व्हायचे तर मराठीचा मिनिटाला 30 शब्दांचा किंवा इंग्रजीचा 40 शब्दांचा वेग लागे. त्या दोन आकड्यांवर किती घरांनी भिस्त ठेवली, याची नोंद कुठल्या खात्याकडे नसावी. धंद्याच्या दृष्टीनेही वर्ग सोयीचा होता. एक खोली, टेबले, स्टुले, डझनभर मशीन आणि भिंतीवर कळफलकाचा तक्ता एवढ्यावर तो उभा राही. वीज लागत नसे, ही तर मराठवाड्यात फार मोठी गोष्ट. भारनियमनाच्या वर्षांत गिरणी बंद, झेरॉक्स बंद, आणि टायपिंगच्या वर्गात मात्र टकटक चालूच.

ही टकटक ज्या यंत्रांची, त्यांतली बरीच मुंबईच्या गोदरेजची. टाइपरायटरचा शोध अमेरिकेतला, रेमिंग्टनने तो बाजारात आणला. 1955 मध्ये गोदरेजने देशी यंत्र काढले आणि पुढे सरकारी कचेऱ्या त्यांनी भरून गेल्या. संगणक आल्यावरही 2000 नंतर काही वर्षे गोदरेज वर्षाला दहा-बारा हजार यंत्रे बनवत होते. 2009 मध्ये उत्पादन थांबले. 2011 मध्ये ही बातमी जगभर पोचली तेव्हा कंपनीकडे शेवटची काहीशे यंत्रेच शिल्लक होती, आणि त्यांतली बहुतेक अरबी अक्षरांची!

मराठी यंत्राची तऱ्हा त्याहून गमतीची. देवनागरीची सगळी अक्षरे, जोडाक्षरे आणि मात्रा इंग्रजीसाठी आखलेल्या चाळीस-पंचेचाळीस कळांत कोंबायच्या होत्या. त्यावर उपाय असा निघाला की कितीतरी अक्षरे अर्धीच ठेवायची आणि त्यांना काना जोडून पुरी करायची. ख, ध, भ, ण ही अक्षरे एका ठोक्यात उमटत नसत. आधी अर्धा भाग, मग काना. पहिली वेलांटी तर अक्षराच्या आधी द्यावी लागे. म्हणजे तोंडाने ‘कि’ म्हणायचे आणि बोटाने आधी वेलांटी मारायची. काही चिन्हे उमटली तरी कॅरेज जागचे हलत नसे. त्यांच्यावर किंवा खाली पुढचे अक्षर बसे. नव्या मुलांची बोटे इथे अडखळत आणि एकदा सरावली की जन्मभर विसरत नसत.

वर्गाचा कायदा एकच: चूक करायची नाही. परीक्षेत उताऱ्याचा वेग मोजला जाई, पत्र आणि तक्ता नीट बसवावा लागे, खाडाखोडीला गुण जात. त्यामुळे त्या खोलीत खेळाला जागा नसे, निदान सर बघत असताना तरी. सरांची पाठ वळली की फुल्ल्यांची नक्षी, कंसांची महिरप, ताऱ्यांची चौकट असे उद्योग कागदाच्या तळाशी चालत. आपल्याला वाटते, वर्ग बंद होताना जी थोडी मौज हाताशी येऊ शकते, तिची मुळे या चोरट्या नक्षीत आहेत. कारण परीक्षाच नाही म्हटल्यावर मशीनवर चूक नावाची गोष्टच उरत नाही.

या मौजेचे महाराष्ट्रातले सर्वांत सुरेख उदाहरण मुंबईतले चंद्रकांत भिडे. त्यांना जे. जे. स्कूल ऑफ आर्टला जायचे होते. घरची परिस्थिती तशी नव्हती. 1967 मध्ये ते युनियन बँकेत टंकलेखक म्हणून लागले. एकदा कार्यालयातल्या इंटरकॉम नंबरांची यादी टाइप करायला मिळाली, ती त्यांनी टेलिफोनच्या आकारात बसवली. कामही झाले आणि चित्रही. तिथून पुढे त्यांनी गणपती काढले, आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन काढला, खेळाडू आणि नटांची व्यक्तिचित्रे काढली, सगळी टाइपरायटरच्या अक्षरांनी. 1996 मध्ये नोकरी संपवून निघताना त्यांनी बँकेकडे वर्षानुवर्षे वापरलेले यंत्रच मागितले. बँकेने ते त्यांना एक रुपयाला दिले. सरकारी बँकेच्या हिशेबवहीत इतका रसिक व्यवहार विरळाच.

भिडे काही या वाटेवरचे पहिले नव्हेत. इंग्लंडमधल्या फ्लोरा स्टेसी या बाईंनी टाइपरायटरवर काढलेले फुलपाखरू 1898 चे आहे. अमेरिकेतले पॉल स्मिथ यांना मेंदूच्या पक्षाघातामुळे हातांवर ताबा नव्हता. एका हाताने दुसरा हात सावरत ते कळा दाबत, आणि शिफ्ट धरून ठेवल्यावर अंकांच्या कळांवर जी चिन्हे येतात, मुख्यतः त्यांतूनच त्यांनी चित्रे उभी केली.

करायला ही गोष्ट वाटते त्यापेक्षा सोपी आणि दिसते त्यापेक्षा अवघड आहे. सर्वसाधारण इंग्रजी यंत्रावर एका इंचात आडवी दहा अक्षरे बसतात आणि उभ्या सहा ओळी. म्हणजे चौरस हवा असेल तर दहा फुल्ल्या आडव्या आणि ओळी सहाच; दहा बाय दहा मारले की चौकोन लांबुडका होतो. गडद छायेला ‘ॲट’चे चिन्ह, मध्यम छायेला फुली, फिक्या छायेला पूर्णविराम. गालाच्या वळणाला कंस चालतात, भुवईला तिरकी रेघ. रोलर दात्यांतून मोकळा केला की ओळ अर्धीमुर्धी खाली-वर सरकवता येते आणि एकावर एक ठसे मारून सावली दाट करता येते. दोनरंगी रिबन असेल तर गणपतीच्या गंधाला लाल रंगही आयता मिळतो. कित्येक जुन्या यंत्रांवर उद्गारचिन्हाची कळच नाही. एकेरी अवतरणचिन्ह मारायचे, एक पाऊल मागे यायचे आणि त्याखाली टिंब द्यायचे. असल्या जुगाडाची ज्याला सवय आहे त्याला चित्र सुचायला वेळ लागत नाही.

आवराआवरीच्या कामातच अशा संधी दडलेल्या असतात. मशीन विकायचे तर ते चालते हे गिऱ्हाइकाला दाखवावे लागते. मग अक्षरांच्या खाचांत साठलेली शाई ब्रशने काढा, सांध्यांना तेल द्या, नवी रिबन चढवा आणि नमुन्याला एक पान टाइप करा. ते पान काय असावे यावर कुणाचेही बंधन नाही. वर्षानुवर्षे ‘द क्विक ब्राऊन फॉक्स’ हे सरावाचे इंग्रजी वाक्य गिरवून घेणाऱ्या माणसाला तिथे आपल्या गावाचे नाव, नातीचा चेहरा किंवा वर्ग बंद झाल्याची सूचनाच महिरपीत बसवून टाइप करता येते. हजेरीची जुनी कोरी पाने असतात, उरलेला कार्बन असतो. एका ठोक्यात तीन प्रती निघतात. फी बुडेल, पगार कुठून द्यायचा, निकाल किती टक्के लागेल, ही काळजी मशीनपाशी पहिल्यांदाच नसते. तोट्याचा धंदा बंद करण्यात सुख आहे असे कुणी म्हणणार नाही. भाडे थकलेले असते, भंगारवाला किलोचा भाव सांगतो आणि तो ऐकवत नाही. पण भाव ठरेपर्यंतचे आठ-पंधरा दिवस ज्याचे त्याचे असतात.

मोठ्या कारखान्यांनाही यंत्राचा असा रसिक निरोप घेण्याचा मोह आवरला नाही. ब्रदर कंपनीने 2012 मध्ये ब्रिटनमध्ये बनलेले आपले शेवटचे यंत्र विकले नाही, लंडनच्या सायन्स म्युझियमला दिले. गोदरेजने 2016 मध्ये टाइपरायटरच्या भारतातल्या गोष्टीवर एक देखणे छायाचित्रांचे पुस्तक काढले. बाळापूरच्या खोलीतल्या मशीनला संग्रहालय कुठून मिळणार? त्याची सोय एक तर भंगारात, नाहीतर वकिलाच्या घरी शोभेला, नाहीतर जुन्या काळचे कार्यालय उभे करणाऱ्या सिनेमावाल्याकडे.

ज्यांनी पहिली वाट धरली, संगणक घेतले, त्यांच्याकडची एक गोष्ट मात्र यंत्राबरोबर गेली नाही. मराठी टंकलेखनाच्या संगणकी वर्गांत आजही रेमिंग्टनचा कळफलक शिकवला जातो. कळांखाली ना लोखंडी दांडे, ना रिबन. संगणकाला अख्खा ‘ख’ एका कळीत देणे मुळीच अवघड नाही. तरीही विद्यार्थी आधी अर्धे अक्षर मारतो आणि मग काना देतो, कारण त्याच्या सरांची बोटे तशी शिकली होती.