आजोबांचं रिव्हॉल्व्हर आणि गोळीचा चॉइस

बाइकला टायर, कॅमेऱ्याला लेन्स आणि जुन्या रिव्हॉल्व्हरला गोळी... चॉइस चुकला की सगळंच चुकतं. फक्त इथे एक्स्चेंज ऑफर नसते!

वारसाहक्कात काय काय मिळतं? कुणाला कोथरूडमधला वन-बीएचके, कुणाला गावाकडची दोन एकर जिरायत. आमच्या घरात जिरायतीच्या जोडीला .३२ बोअरचं एक रिव्हॉल्व्हरही आलं. नगर-सोलापूर रस्त्यावरच्या मिरजगावात आजोबांनी ते रीतसर लायसन्सवर सांभाळलं होतं. आजोबा गेले आणि घरात नवीच चर्चा सुरू झाली. काकांचं म्हणणं, ‘घरातली वस्तू घरातच राहू दे.’ त्यात गावातल्या एकानं भर घातली, ‘नवी काडतुसं कशाला घेता? रिकाम्या पुंगळ्या द्या, भरून देतो. गोळी कुठली बसवू तेवढं सांगा.’ टेक्सासमधल्या चुलतभावाला यात वावगं काहीच दिसेना. तो तिकडे वीकेंडला गॅरेजमध्ये बसून हेच करतो, तेही कायद्यात राहून. काका माझं मत विचारत होते. म्हटलं, उत्तर देण्याआधी विषय नीट समजून घेऊ.

बत्तीसच का?

आधी बेसिक फंडा. आपण सरसकट ‘गोळी’ म्हणतो, ते असतं काडतूस. त्याचे भाग चार : पितळी पुंगळी, बुडाशी ठिणगी देणारी प्रायमरची टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. नळीतून बाहेर जाते ती फक्त गोळी.

इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला असायचं ते .४५५ किंवा .३८० वेब्ली. ही काडतुसं चालणारी हत्यारं आपल्या नियमांनी सामान्य नागरिकांसाठी बंद केली. उरलं ते .३२. स्मिथ अँड वेसनचं ‘.३२ लाँग’ हे काडतूस १८९६चं. आज कानपूरला या बोअरची रिव्हॉल्व्हर्स बनतात आणि काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ दिसलं, तर ते आपल्या खडकीचं, १८६९ साली सुरू झालेल्या दारूगोळा कारखान्याचं!

साइजचा घोळ

नाव .३२, पण गोळीची जाडी प्रत्यक्षात सुमारे .३१२ इंच, म्हणजे आठ मिलिमीटरच्या आत. त्यातही ‘बत्तीस’ एक नाही. १८७८चं आखूड ‘.३२’ लाँगच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसतं. उलट मात्र चालत नाही. पिस्तुलाचं ‘.३२ ऑटो’ वेगळंच. काही रिव्हॉल्व्हर्समध्ये ते सरकून बसतं, पण त्याचा दाब लाँगपेक्षा बराच जास्त. शंभरी गाठलेल्या, मधून दुमडणाऱ्या रिव्हॉल्व्हरला तो झेपेलच असं नाही. लायसन्सवर नुसतं ‘.३२’ लिहिलेलं असतं, म्हणून नळीवरचा शिक्का वाचणं मस्ट.

शेप, वजन, मटेरियल

लाँगची नेहमीची गोळी ९८ ग्रेनची. तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे ही अर्ध्या तोळ्याहून जरा जड. जुन्या रिव्हॉल्व्हरची माशी पक्की बसवलेली असते, ती एका ठरावीक वजनाशी जुळवलेली. जड गोळी नळीत जास्त वेळ रेंगाळते, तोवर धक्क्यानं नळी उचलली जाते आणि नेम वर जातो.

मटेरियल म्हणाल तर जुन्या नळीला साधं शिसं मानवतं. तांब्याचं आवरण असलेल्या गोळीला नळीतून सरकायला जास्त जोर लागतो. दारू कमी पडली तर ती मध्येच अडकते. मागून दुसरा बार झाला की नळी फाटलीच!

आणि शेप? टोक गोल असेल, तर कागदावर फाटकंतुटकं भोक पडतं. सपाट तोंडाची ‘वॉडकटर’ मात्र ऑफिसातल्या पंचिंग मशीनसारखं स्वच्छ गोल भोक पाडते, त्यामुळे गुण मोजताना वाद नाही. २५ मीटर सेंटर-फायर पिस्तूल स्पर्धेत म्हणूनच बहुतेक नेमबाज .३२ लाँगची वॉडकटर वापरतात. २००६च्या दोहा एशियाडमध्ये जसपाल राणानं ६०० पैकी ५९० गुणांसह जागतिक विक्रमाची बरोबरी केली, ती याच प्रकारात. म्हातारं काडतूस अजून फॉर्मात आहे!

मग भरून का घ्यायचं नाही?

कारण एक, कायदा. १९५९च्या शस्त्र कायद्यात काडतुसाचे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा ‘दारूगोळा’ या व्याख्येत येतात. परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठीही त्याच दुरुस्तीत २ वर्षांपर्यंतची कैद किंवा लाखापर्यंतचा दंड आहे.

कारण दोन, विज्ञान. या इवल्याशा पुंगळीत दारू इतकी थोडी लागते, की चुकून दुप्पट पडली तरी बाहेरून कळत नाही. कळतं ते थेट हातात. चुलतभावाकडे मोजमापाची साधनं आहेत, छापील तक्ते आहेत, नवं रिव्हॉल्व्हर आहे. गावातल्या त्या माणसाकडे होता फक्त आत्मविश्वास.

आता पुढे काय?

घरात असं हत्यार असेल, तर हे लक्षात ठेवा :

- लायसन्स माणसाच्या नावावर असतं, घराच्या नाही. धारक गेल्यावर हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं.
- वारस स्वतःच्या नावानं अर्ज करू शकतो. इतर वारसांची संमती आधी मिळवा, भांडणं वाचतात.
- धारक सत्तरीचा झाला असेल किंवा हत्यार २५ वर्षं बाळगलं असेल, तर तो हयातीतच वारसाकडे देण्यासाठी अर्ज करता येतो.
- कपाटातली जुनी काडतुसं ‘टेस्ट’ करू नका. हत्यारासोबत तीही जमा करा.

काकांना मी हेच सांगितलं. रिव्हॉल्व्हर आणि काडतुसं जमा झाली, पावती फाइलला लागली. अर्ज करायचा की नाही, यावर आता आजी, काका आणि आत्या मिळून ठरवतील. माझं मत विचाराल तर नको. शिकारीचा प्रश्नच नाही. कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीला तर काळविटांसाठी अभयारण्य आहे. धाक दाखवायला हत्यार बाळगण्याइतके आमचे शत्रूही नाहीत.

नेम धरायची हौस असेल, तर पुण्यात बालेवाडीची रेंज आहे. एअर पिस्तूल, १० मीटर आणि समोर कागद. तिथला छर्राही सपाट तोंडाचाच असतो बरं का!