छापील पानावरील डाग आणि त्यांचा उगम

प्रश्नपत्रिकेतील एखाद्या उदाहरणात २५ हा आकडा छापलेला असावा आणि २ व ५ यांच्यामध्ये तळाशी एक बारीक काळा ठिपका उमटावा, एवढ्यानेही उदाहरणाचे उत्तर बदलते. विद्यार्थी तो आकडा अडीच असा वाचतो, आणि त्यात त्याचा काही दोष नसतो. शाळा, कचेऱ्या, दवाखाने व न्यायालये येथील असंख्य कागद आज लेझर प्रिंटरवर किंवा छायाप्रती काढणाऱ्या यंत्रावर तयार होतात. छपाई बिघडली की नवे टोनर-कार्ट्रिज आणून बसवावयाचे, असा सर्वसाधारण प्रघात आहे. पुष्कळदा हा खर्च व्यर्थ जातो. कारण दोष दुसऱ्याच भागात असतो. तो कोठे आहे हे सांगणारी खूण बहुधा बिघडलेल्या पानावरच असते. ती वाचता येण्यासाठी यंत्राचे कार्य प्रथम समजून घेतले पाहिजे.

कोरड्या छपाईचे तत्त्व

२२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्क शहराच्या अॅस्टोरिया भागात चेस्टर कार्लसन व त्याचा सहायक ऑटो कॉर्नेई यांनी गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा एक पत्रा कापडाने घासून विद्युत्भारित केला. काचेवर शाईने तारीख व स्थळाचे नाव लिहून ती काच त्या पत्र्यावर ठेवली आणि वरून प्रखर प्रकाश पाडला. जेथे प्रकाश पडला तेथील भार निघून गेला; अक्षरांच्या सावलीत तो टिकून राहिला. नंतर लायकोपोडियमची भुकटी शिंपडताच ती त्या अक्षरांनाच चिकटली, आणि तेथून ती मेणकागदावर उतरविण्यात आली. याच तत्त्वावरील ‘झेरॉक्स ९१४’ हे यंत्र १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे गॅरी स्टार्कवेदर याने दिव्याच्या जागी लेझरचा किरण योजला, आणि त्यातून लेझर प्रिंटर जन्मास आला.

आजच्या यंत्रात पत्र्याची जागा फिरत्या ड्रमने घेतली आहे. प्रत्येक पान सहा अवस्थांतून जाते. ड्रमवर समान विद्युत्भार पसरविला जातो. लेझरचा किरण त्यावर अदृश्य प्रतिमा रेखतो. टोनर, म्हणजे रंगद्रव्य मिसळलेल्या प्लॅस्टिकची भुकटी, त्या प्रतिमेला चिकटते. तेथून ती कागदावर ओढली जाते. तापलेल्या रुळांमधून जाताना ती वितळून कागदात मुरते. आणि शेवटी एक पट्टी ड्रमवरील उरलेली भुकटी खरवडून काढते. यांपैकी प्रत्येक अवस्थेच्या बिघाडाची खूण निराळी असते.

अंतर मोजून होणारे निदान

आरंभीच्या ठिपक्याचा विचार करू. लहान प्रिंटरांतील ड्रमचा व्यास पुष्कळदा सुमारे २४ मिलिमीटर असतो. व्यासाला ३.१४ ने गुणले असता परीघ सुमारे ७५ मिलिमीटर येतो. नेहमीच्या ए-४ कागदाची लांबी २९७ मिलिमीटर आहे. म्हणजे एक पान छापताना ड्रमला जवळजवळ चार फेरे घ्यावे लागतात. ड्रमवर ओरखडा असेल तर त्याचा डाग दर ७५ मिलिमीटरला, कागदाच्या कडेपासून सारख्याच अंतरावर, पुनःपुन्हा उमटणार. असा ठिपका दशांशचिन्ह असू शकत नाही, हे साध्या मोजपट्टीने सिद्ध होते. डागांमधील अंतर निराळे भरल्यास दोष दुसऱ्या एखाद्या रुळाचा समजावा. कारण प्रत्येक रुळाचा परीघ वेगळा असतो.

उभ्या रेषा आणि पसरलेले दोष

कागद ज्या दिशेने सरकतो त्या दिशेत सलग रेषा उमटत असेल, तर तिचे कारण बहुधा एकाच जागी स्थिर असते. पुसणारी पट्टी झिजली किंवा ड्रमवर फेरभर चर पडला, तर काळी रेषा येते. लेझरच्या वाटेवरील काचेवर धूळ बसली तर तेवढ्या भागात किरण पोचत नाही व पांढरा पट्टा राहतो.

छायाप्रती काढताना आणखी एक कारण संभवते. मूळ कागद यंत्रात आपोआप ओढला जात असेल, तर तो एका अरुंद काचपट्टीवरून सरकतो. तिच्यावर एक कण असला तरी संपूर्ण पानभर रेषा येते. तोच कागद मोठ्या काचेवर पसरून प्रत काढली असता रेषा नाहीशी झाली, तर काचपट्टी पुसण्यापलीकडे काहीही करावे लागत नाही.

सर्व पान फिकट येत असेल तर टोनर संपत आला आहे किंवा टोनर-बचतीची योजना चालू आहे, हे प्रथम पाहावे. पान संपूर्ण काळे आले तर ड्रमवर भार चढत नाही, असा संशय घ्यावा. कारण लेझर प्रिंटरमध्ये जेथील भार उतरतो तेथेच टोनर चिकटतो. जुन्या, दिव्याच्या प्रकाशावर चालणाऱ्या यंत्रांत याच्या उलट व्यवस्था होती. तेथे याच बिघाडाने पान कोरे येई.

पावसाळ्यात कोकण, केरळ, आसाम अशा दमट प्रदेशांत छपाई ठिगळासारखी तुटक येते. ओल्या कागदावरून विद्युत्भार निसटतो आणि टोनर नीट ओढला जात नाही. अशा वेळी यंत्राला हात लावण्यापूर्वी कोरड्या, नव्याने उघडलेल्या गठ्ठ्यातील कागद घालून पाहावा.

दोन सोप्या परीक्षा

छापलेल्या अक्षरावरून अंगठा घासावा. अक्षर पुसले गेले तर टोनर वितळलेला नाही. दोष उष्ण रुळांचा किंवा यंत्राने गृहीत धरलेल्यापेक्षा जाड कागदाचा आहे. ही परीक्षा क्षुल्लक समजू नये. जन्माचा दाखला वा गुणपत्रिका घडीवर झडू लागली, तर ज्याचा तो कागद आहे त्याला पुढे कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

पान कोरे किंवा अतिशय फिकट येत असल्यास, कागद अर्ध्या वाटेवर असताना यंत्र बंद करून कार्ट्रिज बाहेर काढावे व ड्रमचे क्षणभर निरीक्षण करावे. ड्रमवर ठळक प्रतिमा असून कागदावर नसेल, तर बिघाड कागदावर उतरविण्याच्या अवस्थेत आहे. ड्रमवरही नसेल, तर तो त्याआधीच्या अवस्थांत शोधावा.

घ्यावयाची काळजी

ड्रमला बोट लावू नये व तो उजेडात ठेवू नये; प्रकाशाने त्याचा संवेदनशील थर बिघडतो. उष्ण रुळांचे तापमान सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते, म्हणून यंत्र थंड होऊ द्यावे. सांडलेला टोनर ओलसर फडक्याने टिपावा आणि हात थंड पाण्याने धुवावेत. गरम पाण्याने तो मऊ होऊन अधिक चिकटतो. घरगुती निर्वात-झाडू वापरू नये. इतकी सूक्ष्म भुकटी त्याच्या गाळणीतून निसटून हवेत पसरते.

या सर्व परीक्षांना मोजपट्टी, फडके आणि थोडा धीर एवढीच साधने पुरतात. दोष नेमका ओळखल्यावर जो भाग खरोखर निकामी झाला असेल तोच बदलावा. तोपर्यंत बिघडलेले पान चुरगाळून टाकू नये. दुरुस्ती करणाऱ्यास त्याहून अधिक विश्वसनीय माहिती दुसरे कोणी देऊ शकत नाही.