चौदा जानेवारी : एक तारीख, किती आठवणी

जानेवारी उजाडला की आपल्या बचत गटांच्या बैठकीत हिशेब लवकर आटपतो आणि बोलणं तिळाच्या भावावर, वाणावर येतं. हळदीकुंकू कधी ठेवायचं ते ठरतं. पण चौदा जानेवारी म्हटलं की प्रत्येक घरात एकच गोष्ट आठवते असं नाही. आज या एका तारखेचीच गोष्ट सांगतो.

आधी पानिपत. १४ जानेवारी १७६१, बुधवार. मराठे आणि अहमदशहा अब्दाली यांची लढाई. सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव त्यात गेले. हजारो सैनिक, बाजारबुणगे, यात्रेकरू गेले. पानिपत हरियाणात असलं तरी ही गोष्ट आपल्या दारातून सुरू झाली. १७६० च्या फेब्रुवारीत भाऊंनी निजामाला उदगीरला हरवलं. तहात आपल्या शेजारचा दौलताबादचा किल्लाही मराठ्यांना मिळाला. मग उत्तरेच्या मोहिमेचं ठरलं आणि मार्चमध्ये फौज निघाली ती जालना जिल्ह्यातल्या परतूरहून.

संकट आलं की आपण ‘संक्रांत आली’ म्हणतो, आणि पुष्कळ जण हे बोलणं पानिपताशी जोडतात. पण पंचांग वेगळं सांगतं. त्या वर्षीची संक्रांत लढाईच्या चारएक दिवस आधीच होऊन गेली होती. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ सालचा, संक्रांतीच्याच दिवशी झालेला; आणि तारीख होती १२ जानेवारी! म्हणजे संक्रांत सरकत सरकत पुढे येते. का, तर भिंतीवरच्या कॅलेंडरचं वर्ष ऋतूंप्रमाणे चालतं, आणि सूर्य मकर राशीत कधी गेला हे आपण ताऱ्यांवरून धरतो. ताऱ्यांचं वर्ष सुमारे वीस मिनिटांनी मोठं असतं. ही वीस-वीस मिनिटं साठून साधारण ७२ वर्षांत एक दिवस होतो. गटात महिन्याला थोडं थोडं साठतं, तसंच हे. त्यात लीप वर्षामुळे थोडं मागेपुढे होतं. म्हणून २०२४ ला संक्रांत १५ तारखेला आली आणि २०२५ ला १४ ला.

पानिपतावर भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईही होत्या. त्या त्या धुमाळीतून वाचून परत आल्या. पण भाऊ गेले हे त्यांनी मानलं नाही, आणि शेवटपर्यंत त्या सवाशिणीसारख्याच राहिल्या. पेशव्यांच्या घरातली सून म्हणून ते चाललं असेल. आपल्या गावात मात्र नवरा गेलेल्या बाईला हळदीकुंकवाचं बोलावणं अजूनही चुकवलं जातं. कर्ज फेडताना तिची सही चालते, वाण देताना ती का चालत नाही? २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ठराव करून विधवा प्रथा बंद केल्या. मग सरकारनंही सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं.

आता आपल्या शहरातली चौदा जानेवारी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये इथे कॉलेज सुरू केलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं. मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं. त्याला बाबासाहेबांचं नाव द्यावं असा ठराव २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात झाला, आणि मराठवाडा पेटला. गावोगाव दलितांची घरं जाळली गेली. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांना मारलं गेलं. पुढे १९७९ मध्ये नागपूरहून लाँग मार्च निघाला. सत्याग्रह झाले, लोक तुरुंगात गेले, त्यात बायाही होत्या. १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं. शेवटी १४ जानेवारी १९९४ ला नाव झालं : डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. जुन्या नावातला ‘मराठवाडा’ राहिला आणि बाबासाहेबांचं नाव जोडलं गेलं, म्हणून याला नामविस्तार म्हणतात.

ठरावापासून नावापर्यंत साडेपंधरा वर्षं. ठरावाच्या वर्षी जन्मलेलं लेकरू दहावीला आलं असेल, एवढा काळ. म्हणून दरवर्षी या दिवशी मराठवाड्यातून लोक विद्यापीठाच्या गेटवर येतात, माथा टेकतात, पुस्तकांच्या स्टॉलवरून पुस्तकं घेऊन घरी जातात. कुणाची संक्रांत उंबऱ्याच्या आत, कुणाची त्या गेटवर.

आमच्या गटांत दोन्हीकडच्या बाया एका सतरंजीवर बसतात, एकमेकींच्या कर्जाला जामीन राहतात. तरी शेजारणीच्या घरात ही तारीख काय म्हणून पाळतात, हे वर्षानुवर्षं विचारलं जात नाही. आणि विचारलं नाही की समज वाढतात : ‘ह्या संक्रांतीला आपल्याकडे येत नाहीत’, ‘ह्या आपल्याला बोलवत नाहीत’. गट मोडतो तो नेहमी पैशामुळेच मोडतो असं नाही.

तेव्हा या जानेवारीत दोन गोष्टी करू. कार्यक्रमाचा दिवस चौदाच धरायचा हट्ट नको. वाण तर रथसप्तमीपर्यंत चालतंच. गेटवर जाणाऱ्या बायांना विचारून दिवस ठरवू, आणि बोलावणं सगळ्यांना देऊ, नवरा असो नसो. दुसरं, वाणात प्लास्टिकच्या डब्याऐवजी एखादं लहानसं पुस्तक देऊ. तिळगूळ हातावर ठेवताना एवढंच विचारू, ‘बाई, तुमच्याकडे चौदा जानेवारी कशी असते?’ आणि ती सांगेल ते मधे न बोलता ऐकू.